हनुवटीखालची मूठ

थोरल्या बाई, तुमच्या तिरडीजवळ माझा जबडा निसटला. तोंड उघडलं ते मिटेचना. भर दुपार, अंगणात अर्धा गाव, तुम्ही बांबूवर आडव्या, आणि मी तुमच्या पायाशी आ वासून बसलेली. लाळ हनुवटीवरून लुगड्यावर गळत होती. ओठ जुळत नव्हते, शब्द निघत नव्हता, घशातून चिखलात रुतलेल्या म्हशीसारखा आवाज येत होता. सगळ्यांनी तुमच्याकडे पाहायचं सोडून माझ्याकडे पाहिलं. तुमची घरातली शेवटची घडी, तीही मी खाल्ली.

बायका ओरडायला लागल्या. कोणी पाठीवर थापट्या मारल्या, कोणी नाकाशी कांदा धरला. शेजारच्या सरजानं तर तोंडात पाणी ओतलं. तोंड मिटल्याशिवाय पाणी गिळता येत नाही, हे तिला कोण सांगणार? मला एवढंच कळत होतं की माझा जबडा बसवणारं माणूस समोर पडलं आहे आणि त्याच्यावर कापड टाकलं आहे.

मग तुमचे मालक तुमच्या उशापासून उठले. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, माझे भासरे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. ते अंगणात यायच्या आधी खोकायचे, मी आत व्हायची. त्यांच्याशी मी एक शब्द बोललेली नाही, त्यांनी माझ्याशी नाही. जे काही असेल ते तुमच्या तोंडून इकडचं तिकडे व्हायचं. ते भासरे माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. "सरका," म्हणाले बायकांना. आणि दोन्ही अंगठे माझ्या तोंडात घातले.

पदर केव्हाच खांद्यावर आला होता. गाव पाहत होता. त्यांनी मागे दाढांच्या जागी अंगठे टेकवले, खाली दाबलं, मग मागे लोटलं. कट्‌ आवाज झाला आणि माझे दात त्यांच्या अंगठ्यावर मिटले. तुम्ही नेहमी अंगठ्यांना फडकं गुंडाळून घ्यायच्या, त्यांनी घाईत घेतलं नाही. रक्त आलं. नंतर घाटावर त्याच हाताने त्यांनी तुम्हाला अग्नी दिला, माझ्या दातांचा वळ असलेल्या हाताने.

जबडा बसला की वरून पट्टी बांधावी लागते, नाही तर तो पुन्हा उतरतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आपली पट्टी, तुमच्या जुन्या लुगड्याची, खुंटीवर नव्हती. सकाळी तुम्हाला आंघोळ घातल्यावर तुमचं तोंड उघडं राहू नये म्हणून मीच ती तुमच्या हनुवटीखालून डोक्यावर बांधली होती. हाताशी तीच आली. मग भासऱ्यांनी स्वतःच्या डोक्याचा दुपट्टा सोडला आणि माझ्या तोंडाला बांधला. तुम्ही तोंड बांधून निजलेल्या, मी तोंड बांधून बसलेली. सरजा मोठ्यानं रडली आणि म्हणाली, "पाहा व बायांनो! जावेसाठी रडता रडता जबडा सटकला हिचा! जाव असावी त अशी!"

बाई, ते रडणं नव्हतं. ती जांभई होती.

लोक म्हणतील, आजारपण काढून थकली असेल. थकले नव्हते. आदल्या रात्री तुमच्याजवळ सासरहून आलेली तुमची लेक लता बसली होती, मी माझ्या खोलीत पडून चांगली झोपले होते. पहाटे लताच्या आवाजानं जाग आली तेव्हा तुम्ही गेल्या होत्या. तरी दुपारी तुमच्या पायाशी बसल्यावर मला जांभई आली. काहून आली, मला ठाऊक नाही. ऊन होतं, उदबत्तीचा धूर होता, आणि सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या की ही आता गळा काढते की नाही.

रडायचं काम आपल्या घरी तुमचं होतं. कोणाचीही मयत असो, तुम्ही उंबऱ्यात पाय ठेवला की सूर लावायच्या. मेलेल्याचं सगळं त्या रडण्यात गुंफायच्या, त्याचा बैल, त्याचं धान, त्यानं कोणाला काय दिलं ते. मी तुमच्यामागे पदर तोंडाला लावून बसायची. माझा नवरा गेला तेव्हाही मला रडता आलं नाही. तुम्ही माझ्या वाटचं रडल्या. कोणाला कळलं नाही की त्याची बायको गप्प आहे. आता तुमच्या वेळी सूर लावायला कोण होतं? मी तोंड उघडलं. आतून रडू यायला पाहिजे होतं, आली जांभई. आणि "शेवंता, मूठ!" म्हणून ओरडणारं कोणी नव्हतं.

ही मूठ कुठून आली ते तुम्हाला आठवत असेल. पहिल्यांदा जबडा उतरला तेव्हा आपण धानाच्या रोवण्यात होतो, गुडघाभर चिखलात. मी वाकलेली, जांभई दिली, आणि तोंड तसंच राहिलं. तुम्ही आधी हसल्या. म्हणाल्या, "मिट ना व, बेडूक जाईन!" मग माझे डोळे पाहून तुमचं हसू गेलं. भासऱ्यांनी बंडी जुंपली. सानगडीपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, कारण मागे भावसून तोंड उघडं टाकून बसली होती. तुम्ही माझ्या तोंडावर पदर धरून होत्या. वाटेत भेटणाऱ्याला सांगत होत्या, "दात दुखते तिचा."

सानगडीचे वैद्य म्हातारे होते. त्यांनी आधी गरम पाण्यात फडकं पिळून कानाखाली शेकलं. तेल चोळलं. मग तुम्हाला म्हणाले, "डोकं धरून ठेवा आणि नीट पाहून ठेवा. हा पुन्हा उतरणार." अंगठ्यांना कापड गुंडाळून त्यांनी जबडा बसवला आणि डोक्याभोवती पट्टी बांधली. मग समजावून सांगितलं. म्हणाले, जबड्याला दोन बाजूंनी दोन सांधे, एका जुवाला दोन बैल असावे तसे. हिच्या उजवीकडच्या दाढा पडल्या, म्हणून ही डावीकडूनच चावते. बिड्या वळताना सूतही डाव्या दातानं तोडते. एक बैल मरमर ओढतो, दुसरा लटकतो. जू तिरपं होणारच, एक दिवस निसटणारच. 

त्यांनी दुखण्याला हनुग्रह म्हटलं. हनू म्हणजे जबडा. घरी पोचेपर्यंत तुम्ही त्याचा हनुमानाचा ग्रह करून टाकला होता. "शेवंते, तुले हनुमान धरून हाय! तू शनवारी तेल नाही वाह्यलं कधी!" मी बांधल्या तोंडानं मान हलवून नाही नाही म्हणत होते, तुम्ही ऐकलं नाही. तेव्हापासून दर शनिवारी वैद्याच्या तेलाची वाटी घेऊन तुम्ही आधी मारुतीला जायच्या. त्या दगडाच्या गालावर थोडं चोळायच्या, उरलेलं माझ्या गालावर. मी म्हणायची, "त्याचाबी जबडा दुखते का?" तुम्ही म्हणायच्या, "चूप बस, त्याचंबी थोबाड सुजलंच हाय." खरंच शेंदूर साचून साचून त्याचा एक गाल फुगला होता.

तेल चोळायचं, निर्गुडीचा पाला उकळून वाफ घ्यायची, सकाळी नाकात दोन थेंब टाकायचे, दोन्हीकडून चावायचं, सूत कातरीनं तोडायचं. आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ दाबून धरायची, म्हणजे तोंड गरजेपेक्षा जास्त उघडत नाही. वैद्यानं एवढं सांगितलं होतं. तेल, वाफ, थेंब तुम्ही केले. सूत मी दातानंच तोडत राहिले, कातर उचलायला वेळ जातो म्हणून. मूठ मी विसरायची. तुम्हाला माझी जांभई माझ्याआधी कळायची. शेतातून, विहिरीवरून, चुलीपाशी पाठ करून बसलेल्या असताना, "शेवंता, मूठ!" लहान पोरंही मला पाहून मूठ दाखवायची. मला राग यायचा.

तरीही तो उतरायचा. दर वेळी तुमचे अंगठे, कट्‌ आवाज, मग पट्टी. तुमच्या हातांना त्या कडू तेलाचा वास होता. दुखायचं नाही. सांगायची गोष्ट अशी की मी तुम्हाला कधी 'बरं केलं' म्हटलं नाही. आधी तोंड उघडं असायचं, नंतर बांधलेलं असायचं. पट्टी सुटेपर्यंत तुम्ही दुसऱ्या कामाला लागलेल्या असायच्या आणि मी दुसऱ्या भांडणाला.

शेवटचं भांडण दातांचं. तुम्ही आधीच अंथरुणाला लागल्या होत्या. म्हणाल्या, "उजवीकडचे दात बसवून घे व आता. मी कितीक दिवस तुह्या तोंडात हात घालू?" मी म्हटलं, "मसणात कोनाले दाखवाचे हायत दात? आन तुमाले काय घाई हाय, कोठी जाऊन राहिल्या का?" तुम्ही म्हणाल्या, "हो, जाऊन राहिली." मी भाकरी थापायला उठून गेले.

असो. तुम्ही गेल्या आणि मी तोंड बांधून बसले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सरजा माझी कथा सांगायची. पहिल्या दिवशी माझा जबडा रडताना सटकला होता. दुसऱ्या दिवशी मी तिरडीवर अंग टाकलं होतं. मग मी तुमच्यासोबत जायला निघाले होते आणि भासऱ्यांनी मला यमाच्या तोंडातून ओढून आणलं होतं. सानगडीच्या बाजारात कोणी म्हणे जावाजावांचं भांडण पाहून बोललं, "त्या शेवंताबाईकडून शिका." मी ऐकत होते. तोंड बांधलेलं होतं, काय बोलणार?

पण पट्टी दोन-तीन दिवसांची असते, बाई. तुम्हीच तिसऱ्या दिवशी सोडायच्या. मी सोडली नाही. भासऱ्यांचा दुपट्टा धुऊन वाळवून परत गेला, त्याच्या जागी मी माझ्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली. जबडा दुखत नव्हता. पट्टी सोडली असती तर बोलावं लागलं असतं. आजवर मी कोणाची भीड ठेवली नाही. सरपंचाला तोंडावर चोर म्हटलं आहे. आणि आता माझ्या तोंडातून एक जांभई बाहेर पडेना. लोक माझ्या पाया पडत होते. मला ते आवडलं नाही, पण मी पाय मागेही घेतले नाहीत.

लाज खरी वाटली ती लतामुळे. पोरगी चुलीशी बसली होती, भात उतू जाऊन राहिला होता, तिला भान नव्हतं. मी भांडं उतरवलं. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काकू, तुमचा जबडा निसटला. मी तिची पोटची पोर. मले रडूच नाही आलं. अजूनबी नाही येऊन राहिलं. मी दगड हाय का व काकू?" तुमची पोर माझ्या जांभईशी स्वतःला मोजून पाहत होती, आणि मी तोंडावर पट्टी बांधून तिच्यासमोर मान हलवत होते, जसं काही मला मोठं दुःख झालं आहे.

त्या संध्याकाळी मी अंगणात धान पाखडत होते. भासरे खोकले नाहीत. आले आणि तुमच्या बकरीजवळ बसले. मी पदर ओढला, पाठ केली, उठणार होते. ते बकरीला म्हणाले, "सांग व तिले, बस म्हना."

मी बसले.

"तिले सांग," भासरे बकरीला म्हणाले, "मले मालूम हाय ते जांभई होती. थोरली सांगे मले, शेवंताचा जबडा रडल्यानं नाही उतरत, जांभईनं उतरते. ते रडतेच कोठी, म्हने."

बकरी पाला खात होती. माझे हात सुपात थांबले.

"आन हे बी सांग तिले, का मले जबडा बसवता कसा येते." त्यांनी बकरीपुढे पाला सरकवला. "वैद्याकडून आली ना थोरली, तवापासून माह्या तोंडात अंगठे घालून पाहे. कोठी टेकवाचं, किती दाबाचं. आ करा जी, म्हने. रोज. माही दाढ हलाले लागली तवा सोडलं. मी म्हटलं, मले काहून मारून राहिली व? त म्हने, तिले दुखू नोको."

ते उठले आणि आत गेले. मी सूप खाली ठेवलं.

हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही. मला वाटायचं वैद्यानं दाखवलं आणि तुम्हाला आलं. तुमचा हात हलका आहे म्हणून दुखत नाही, असं मला वाटायचं. एका माणसाची दाढ हलवून तो हात हलका झाला होता. बाई, सांगायचं होतं. मी काय केलं असतं? कदाचित म्हटलं असतं, "तुमाले कोनी सांगतलं होतं?" म्हणूनच नसेल सांगितलं.

मी तिथेच पट्टी सोडली. लता आत भांडी घासत होती. तिला म्हटलं, "लते, मी रडले नाही. तुह्या मायच्या पायाशी बसून मी जांभई दिली. जबडा जांभईनं उतरला."

ती हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही. हातातली परात तशीच धरून तिनं विचारलं, "आन इतके दिवस काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली."

"मी माह्या बापाले म्हटलं, काकूचं दुःख माह्याहून मोठं हाय. त्यांनी बी काही नाही म्हटलं."

"त्यांनी माही लाज झाकली. मी तुही काढली."

ती परात घासत राहिली. ती घासून झालेलीच होती. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही, आणि मी मनवायला गेले नाही. तिचा राग तिचा होता, तो माझ्या समाधानासाठी घालवायला सांगणं बरं नव्हतं.

तेरवीला पंगती उठल्यावर मी सरजाला आणि बायांना उभ्यानं सांगितलं. "आइका. मी रडले नाही. मले जांभई आली होती." मग सरजानं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "पाहा बाई, अजून बावरलेलीच हाय बिचारी. दुःखानं काहीबी बोलून राहिली." म्हातारी एक मावशी म्हणाली, "मोठं मन हाय, मोठेपना नाही घेत." मी ओरडले, "अवं, जांभई! जांभई!" त्यांनी मला धरून सावलीत बसवलं आणि सरबत दिलं. बाई, तुम्ही असत्या तर पोट धरून हसल्या असत्या. मला हसू आलं नाही. खरं सांगितलं की लाज उतरेल असं वाटलं होतं, ती माझ्या अंगावर आणखी एक हार घालून गेली. आता ती तशीच राहणार. सानगडीच्या बाजारात मी आदर्श जाव म्हणूनच मरणार.

लता तिच्या सासरी गेली. निघताना माझ्या पाया पडली, रीत म्हणून पडली. पण आदल्या सकाळी तिनं तेल तापवून माझ्यासमोर वाटी ठेवली होती, काही न बोलता. फार तापवलं होतं, गाल पोळला. मी काही म्हटलं नाही. तिनं चोळायला बोटं लावली आणि कानाखालच्या त्या खड्ड्यात, जिथं सांधा कटकटतो, तिथं थांबली. "माय इथंच चोळे का?" म्हणाली. मी हो म्हटलं. तेव्हा तिला रडू आलं. माझ्यामागे उभी होती म्हणून मला तिचं तोंड दिसलं नाही. तेल मानेवर गळत होतं, त्यात काय काय होतं कोणास ठाऊक.

उरलेलं तेल घेऊन मी शनिवारी मारुतीला गेले. मला त्यातलं काही पटत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा हनुमान आणि वैद्याचा हनुग्रह वेगळे, हे मी तुम्हाला शेवटपर्यंत पटवू शकले नाही. त्याच्या फुगलेल्या गालावर तेल लावलं आणि परत आले.

उजवीकडचे दात बसवून घेणार आहे. तुमच्यासाठी नाही. भासऱ्यांच्या दाढेचा मान म्हणून.

काल दुपारी अंगणात वाळवण राखत बसले होते. पलीकडे भासरे सुतळी वळत होते, मान खाली. मला जांभई यायला लागली. तोंड उघडलं, मूठ मांडीवरच होती, आणि अंगणाच्या त्या कडेनं, बकरीला नाही, भिंतीला नाही, माझ्या नावानं आवाज आला.

"शेवंता, मूठ!"

मी मूठ धरली. पदर डोक्यावर होता की नाही, मला आठवत नाही. त्यांनी वर पाहिलं नाही, सुतळी वळत राहिले. तोंड मिटलं. जबडा जागेवर राहिला.

तुमच्या घरात आता आम्ही दोघंच आहोत, थोरल्या बाई. ते आणि मी.